दुकानाची पाटी

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता भोसरी ओलांडून पुढे गेला, की मोशी लागते. गाव इंद्रायणीच्या काठचे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. श्रीनागेश्वर हे येथील ग्रामदैवत. पूर्वी या शिवारात ज्वारी-बाजरीची शेते होती आणि गावाला दुकानांच्या पाट्यांची फारशी गरज नव्हती. सुताराचे घर कोणते, शिंपी कोठे बसतो, वाणसामान कोणाकडे मिळते, हे सर्वांना ठाऊकच असे. खेड्यापाड्यांत पिठाची गिरणी तर डोळे मिटूनही सापडे. तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या त्या गिरणीचा 'पुक् पुक्' असा आवाज शिवारापलीकडे ऐकू जाई आणि तो ऐकताच घरोघरच्या बायका मुलांच्या डोक्यावर दळणाचे डबे देऊन त्यांना पिटाळीत. आवाज हीच त्या गिरणीची पाटी होती. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळांनी ही युक्ती अजूनही सोडलेली नाही. रसवंतीगृहातील चरकाला बांधलेले घुंगरू छुमछुम वाजू लागले, की उन्हात चालणाऱ्या वाटसरूचे पाय आपोआप तिकडे वळतात. मग वरची पाटी कोण वाचतो!

पुढे विजेची मोटर आली आणि गिरणीचा आवाज भिंतीआड राहिला. त्याच सुमारास गावाचे रूपही पालटू लागले. १९५४ साली पिंपरीस औषधांची सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, चिंचवड, पुढे चाकण अशी कारखान्यांची रांगच उभी राहिली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली व १९९७ साली मोशी तिच्या हद्दीत आली. आज या रस्त्यावरून रोज जाणारी बहुतेक माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. कोणी लातूरहून आलेला, कोणी बिहारहून, कोणी ओडिशाहून. कारखान्याची पाळी संपवून ही माणसे भाड्याच्या खोलीकडे निघतात, तेव्हा पीठ कोठे मिळेल, चप्पल कोठे शिवून मिळेल, हे त्यांना सांगणारे घरचे असे कोणी नसते. ते काम पाटीला करावे लागते. पाटी ही अनोळखी माणसासाठी असते.

ही गरज आजची नव्हे. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळी, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, जिनान नगरात लिऊ नावाच्या घराण्याचे शिवणाच्या सुयांचे दुकान होते. त्या दुकानाची जाहिरात छापण्याची तांब्याच्या मिश्रधातूची पाटी अद्याप जपून ठेवलेली आहे. तिच्या मध्यभागी हातात मुसळ धरलेला एक पांढरा ससा कोरला असून, दारापुढील पांढरा ससा हीच आमची खूण समजावी, असे गिऱ्हाइकांना कळविले आहे. ज्याला वाचता येत नसे, तोही ससा पाहून सुया घेऊन जात असे. युरोपातील जुन्या शहरांतही दुकानांवर नावांऐवजी चित्रेच टांगलेली असत. चांभाराचा जोडा, कुलपे करणाऱ्याची किल्ली, सावकाराचे तीन गोळे. अक्षरओळख वाढली तसतशी चित्रे मागे पडली आणि अक्षरे पुढे आली.

आता समजा, मोशीच्या हमरस्त्यालगत एका गृहस्थाने पिठाची गिरणी घातली आहे. साठविलेले पैसे मोटर आणि जाती घेण्यात संपले आहेत. गिरणी सुरू होऊन महिना झाला, तरी दिवसाकाठी आठ-दहा डबेच येतात. रस्त्यावरून हजारो माणसे जातात. परंतु येथे गिरणी आहे, हेच त्यांना कळत नाही. तेव्हा तो पाट्या रंगविणाऱ्या एका वयस्क कारागिराला बोलावून आणतो. त्याने वहीच्या पानावर मजकूर लिहूनच ठेवलेला आहे. सर्वांत वर श्री, त्याखाली आईवडिलांचा आशीर्वाद, मग गिरणीचे नाव, मग गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभरा, हळद, तिखट व मसाला स्वच्छ दळून मिळेल, मग मालकाचे नाव, दूरध्वनीचा क्रमांक, वेळ, आणि शेवटी 'आमची कोठेही शाखा नाही'.

"पेंटरकाका, एवढे सगळे बसले पाहिजे," गिरणीवाला म्हणतो.

"बसेल की! पण भाऊ, हे वाचणार कोण?" कारागीर विचारतो. "शाखा नाही म्हणता, पण ही एक गिरणी तरी लोकांना कोठे दिसते आहे?"

गिरणीवाल्याची सातवीत शिकणारी मुलगी शेजारीच उभी असते. कारागीर तिला फळ्यावर मांडावे तसे गणित मांडून दाखवितो. दुचाकीवरून येणारा माणूस ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालला असेल, तर सेकंदाला १० मीटर पुढे सरकतो. पाटी ६० मीटरांवरून वाचता आली, तर त्याच्या हाती ६ सेकंद असतात. तेवढ्यात त्याने पुढच्या मोटारीकडे पाहावे, आरसा पाहावा, खड्डा चुकवावा आणि राहिलेल्या वेळात पाटी वाचावी. चार-पाच शब्दांहून अधिक त्याच्या ध्यानात येणार नाहीत. मोशीच्या रस्त्यावर वाहनांची कोंडी होते तेव्हा सारी वही वाचून होण्याइतका वेळ मिळतो, हे खरे. परंतु कोंडीच्या भरवशावर कोणी पाटी रंगवीत नाही.

आता अक्षर केवढे असावे? दवाखान्यात डोळे तपासताना ६ मीटरांवरचा तक्ता वाचावयास सांगतात. निकोप डोळ्यांना त्या अंतरावरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे ९ मिलीमीटर उंचीचे असते. अंतर दहापट, म्हणजे ६० मीटर केले, तर अक्षरही दहापट, म्हणजे ९ सेंटिमीटरांचे लागेल. पण ही झाली अगदी शेवटची मर्यादा. तीही स्वस्थ बसलेल्या माणसाची. गाडीचा हिसका, धूळ, संध्याकाळचा अंधुक उजेड आणि आपल्या लिपीतील काना-मात्रा-वेलांट्यांची गर्दी ध्यानात घेतली, तर त्याच्या अडीच ते तीन पट मोठे अक्षर काढलेले बरे. म्हणजे वीतभर उंचीचे अक्षर झाले. दहा फूट लांब व तीन फूट उंच पाटीवर अशी मोठ्या अक्षरांची एकच ओळ नीट बसते. वहीतील बाकीचा मजकूर त्यावर मावणार नाही.

हे गिरणीवाल्याला पटत नाही. तेव्हा कारागीर खाकी कागदाच्या पट्ट्या जोडतो, कोळशाने एका पट्टीवर 'पिठाची गिरणी' असे वीतभर उंचीचे व दुसरीवर धान्यांची यादी दोन बोटे उंचीची लिहितो आणि दोन्ही पट्ट्या भिंतीवर चिकटवितो. मुलीला तो पदपथावरून दूर पाठवितो. शंभर पावलांवरून ती वळून पाहते आणि 'पिठाची गिरणी' असे मोठ्याने वाचते. दुसऱ्या पट्टीवरची हळद मात्र तिला वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. गिरणीवाला काही बोलत नाही. वही बंद करून तो खिशात घालतो.

यादी टाकून द्यावयाची असे नव्हे. ती दाराच्या आतल्या बाजूस छोट्या फळीवर लिहावी. डबा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ती वाचावयास भरपूर वेळ असतो. सर्व सांगावयाचेच, परंतु कोणत्या अंतरावरच्या माणसाला काय सांगावयाचे, ते ठरवावे लागते. तसे पाहिले तर पाटी लिहिण्यातील निम्मे कौशल्य मजकूर गाळण्यात आहे.

मग अक्षरांकडे वळावे. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबकळत असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. इंग्रजी मोठ्या अक्षरांची ओळ दोन रेघांत बसते. मराठी ओळीला वरखाली मोकळी जागा ठेवावीच लागते. हे ध्यानात न घेणारा कारागीर पाटीच्या उंचीएवढे अक्षर काढतो आणि मग वेलांटी चेपून बसवितो. दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातील फरक शिरोरेषेतील एका लहानशा फटीने व गाठीने दाखविलेला असतो. जाड कुंचल्याने ती फट बुजली, की लांबून 'धान्य' चे 'घान्य' होते आणि भांड्यांच्या दुकानावर 'मांडी' असे वाचून लोक हसत पुढे जातात. म्हणून पाटीवर लिहिताना ही फट वहीतल्यापेक्षा थोडी मोकळी ठेवतात.

गिरणीचे नाव ग्रामदैवतावरून 'नागेश्वर' असे ठेवावयाचे ठरते. त्यातील 'श्व' हे जोडाक्षर मोठे देखणे आहे. पण लहान आकारात ते गिचमिड होते. त्याला हात मोकळा ठेवून, 'श' आणि 'व' शेजारी शेजारी दिसतील असे लिहावे लागते. शिवाय मराठी वळणाचा 'श' देठाचा असतो व 'ल' दोन पाकळ्यांचा. हिंदी वळण निराळे. संगणकावरील पुष्कळ अक्षरसंच हिंदी वळणाचे असल्यामुळे अलीकडच्या पाट्यांवर हे मराठी वळण लोपत चालले आहे. हाताने लिहिणाऱ्या कारागिराला मात्र ते कोणी शिकवावे लागत नाही. शाळेतील पाटीवर गिरविलेले त्याच्या हातात असते.

मुलगी येथे एक प्रश्न काढते. गावातील एका फलकावर तिने 'पीठाची गिरणी' असे वाचले आहे. दीर्घ की ऱ्हस्व? कारागीर हसून म्हणतो, "ते तूच सांगायचे, बाई. पाटी एकदा रंगवली की चूक पाच वर्षे टांगलेली राहते." मुलीला व्याकरणाच्या तासाला शिकलेले आठवते. 'पीठ' या शब्दातील 'पी' दीर्घ. पण त्याला विभक्ती लागून 'पिठाची' असे रूप झाले, की तो ऱ्हस्व होतो. 'दूध' पण 'दुधाचे', 'फूल' पण 'फुलांचे', तसेच हे. पुस्तकातील चूक पान उलटले की दिसेनाशी होते. पाटीवरील चूक रोज शेकडो मुले वाचतात आणि तीच बरोबर आहे असे समजू लागतात.

अक्षर वाचता आले, म्हणजे काम झाले का? तसे असते तर सर्व दुकानांच्या पाट्या एकाच ठशाच्या असत्या. अक्षराला रूप असते आणि त्या रूपातून अर्थ डोकावू शकतो. महाराष्ट्रात ही गोष्ट कमल शेडगे यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. १९३५ साली जन्मलेल्या आणि २०२० साली निवर्तलेल्या या कलावंताने शेकडो मराठी नाटकांची नावे अशी काही लिहिली, की वर्तमानपत्रातील जाहिरातीत नुसते नाव पाहूनच नाटक गंभीर आहे की विनोदी, याचा प्रेक्षकांना अंदाज येई. त्यांच्याच पिढीतील र. कृ. जोशी यांनी अक्षरांचा अभ्यास आणखी निराळ्या दिशेने नेला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी अक्षरकला शिकविली आणि संगणकासाठी 'मंगल' नावाचा देवनागरी अक्षरसंच घडविला. जगभरच्या असंख्य संगणकांवर मराठी मजकूर त्या अक्षरांत उमटला आहे. पंढरपूरला जन्मलेले जगद्विख्यात चित्रकार हुसेन तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवीत असत, हेही येथे सांगण्याजोगे आहे. पाटीच्या कारागिराचा कुंचला आणि चित्रकाराचा कुंचला यांत लोक समजतात तेवढे अंतर नाही.

गिरणीवाल्याची मुलगी कोळशाच्या त्या पट्टीकडे बराच वेळ पाहत राहते. मग म्हणते, "पेंटरकाका, 'ठ' गोल आहे."

"असतोच तो गोल."

"आजीचे जाते असते ना, तसा."

कारागीर पट्टी उतरवितो, जमिनीवर पसरतो आणि 'ठ' च्या वर्तुळात कोळशाने आणखी एक लहान वर्तुळ काढतो. ते जात्याचे तोंड. वर्तुळाच्या एका कडेला खुंटा उभा करतो. खालून पिठाचे चार ठिपके सांडतो. तिघेही वाकून पाहतात. जाते तर झकास जमले आहे! घरात दळण बंद होऊन किती वर्षे झाली, तरी लग्नात हळद दळण्यासाठी जाते पुजले जाते. त्यामुळे ते पाहिले नाही असे मूल विरळा. आणि ओडिशाचा किंवा तमिळनाडूचा जो कामगार देवनागरी वाचू शकत नाही, त्याच्याही गावी दगडाचे जाते असतेच. सुंग काळातील सशाचे काम मोशीत 'ठ' करू शकेल.

परंतु कारागीर लगेच मान हलवीत नाही. तो मुलीला पुन्हा शंभर पावलांवर पाठवितो. ती वाचते, "पि... चाकाची?" लांबून आतले वर्तुळ आणि बाहेरचे वर्तुळ मिळून गाडीचे चाक दिसू लागले आहे आणि अक्षर हरवले आहे. मुलीचा चेहरा उतरतो. कारागीर आतले वर्तुळ पुसून तेथे एक ठिपका ठेवतो; खुंटा इतका आखूड करतो, की तो 'ठ' ला चिकटलेल्या एखाद्या गाठीसारखा दिसावा; पिठाचे ठिपके काढून टाकतो. तिसऱ्या खेपेस मुलगी शंभर पावलांवरून 'पिठाची गिरणी' असे वाचते आणि पन्नास पावलांवर आल्यावर ओरडते, "जाते दिसले!" हाच क्रम हवा होता. आधी शब्द, मग चित्र. चित्रासाठी अक्षराचा बळी दिला, तर तो अलंकार नव्हे, अडथळा होतो. शहरांत कित्येक दुकानांवर अशी अक्षरे दिसतात, की त्यांची नक्षी वाखाणावी, पण दुकान कशाचे ते शेजाऱ्याला विचारावे.

रंगांची निवड त्या मानाने सोपी आहे. मात्र जागा पाहून करावी लागते. पुणे-नाशिक रस्ता येथे साधारणतः दक्षिणोत्तर जातो. ही गिरणी रस्त्याच्या पूर्वेला असल्याने तिचे तोंड पश्चिमेकडे आहे. दुपारनंतरचे सारे ऊन पाटीवर पडणार. तांबडा रंग अशा उन्हात लवकर विटतो. चकचकीत पृष्ठभागावरून सूर्य डोळ्यांत चमकतो आणि नेमके संध्याकाळी, गिऱ्हाइकांच्या वेळी, काहीच वाचता येत नाही. म्हणून गडद निळ्या, कमी चमकेच्या जमिनीवर पिवळसर पांढरी अक्षरे घ्यावयाची ठरते. दुसऱ्या पाळीचे कामगार रात्री परततात. त्यांच्यासाठी वरून पाटीवर उजेड पडेल, पण वाहनचालकाच्या डोळ्यांत जाणार नाही, असा एक दिवा लावावयाचा.

पाटी स्वतःच्या दुकानावर असली, तरी ती सार्वजनिक रस्त्याकडे तोंड करून असते. त्यामुळे तिला नियमही असतात. महाराष्ट्रात दुकानाचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे कायद्याने आवश्यक आहे. २०२२ साली या कायद्यात सुधारणा होऊन लहान दुकानांनाही तो लागू झाला. इतर भाषा लिहिण्यास मनाई नाही. परंतु मराठी अक्षरे प्रथम यावीत आणि दुसऱ्या लिपीतील अक्षरे त्यांच्याहून मोठी नसावीत. दुकानदारांच्या संघटनेने यासंबंधी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या गिरणीवाल्याला याची अडचण नाही. मराठी नावाखाली बारीक अक्षरांत 'आटा चक्की' लिहिले, तर बिहारच्या कामगाराचीही सोय होते. लिपी तर दोघांची एकच. महानगरपालिकेत जाहिरातफलकांचा कारभार 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' पाहतो. आकाशचिन्ह! कचेरीच्या भाषेत एवढा काव्यमय शब्द क्वचितच सापडतो.

त्या शब्दामागे मात्र फार गंभीर गोष्ट आहे. १७१८ साली लंडनमध्ये दुकानाची एक अवजड टांगती पाटी भिंतीच्या दर्शनी भागासह कोसळली आणि खालचे चौघे ठार झाले. तरीही पाट्या भिंतीला सपाट बसवाव्यात असा निर्बंध तेथे १७६२ पर्यंत आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किवळे येथे पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या लोकांवर लोखंडी फलक पडून पाच जणांचा मृत्यू झाला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला एक अवाढव्य फलक वादळात पेट्रोलपंपावर कोसळला. त्यात सतरा माणसे गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी खुद्द मोशीत वादळी वाऱ्याने एक मोठा फलक पडला. खाली उभी असलेली वाहने चेपली. सुदैवाने कोणी दगावले नाही.

वाऱ्याला असे काय बळ असते? ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. दहा फूट बाय तीन फुटांची पाटी पावणेतीन चौरस मीटरांहून थोडी अधिक भरते. म्हणजे गव्हाच्या पन्नास किलोच्या पोत्याहून अधिक, जवळजवळ सत्तर किलोचा रेटा त्या पत्र्यावर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून पाटी छपरावर उंच उभी न करता दाराच्या वर भिंतीला सपाट टेकवावी, लोखंडी चौकटीला गंजरोधक रंग द्यावा आणि तारेने न बांधता भिंतीत पक्के बोल्ट घालून ती बसवावी. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ते बोल्ट तपासावे. हे सारे गिरणीवाला शांतपणे ऐकतो. घाटकोपरची बातमी त्याने वाचलेली असते.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. संगणकावर मजकूर जुळवून प्लॅस्टिकच्या कापडावर छापलेला फ्लेक्स एका दिवसात मिळतो आणि त्याला खर्चही थोडा लागतो. त्यावर हवी तेवढी छायाचित्रे येतात. फ्लेक्स आल्यापासून गावोगावच्या पाटी रंगविणाऱ्यांची कामे झपाट्याने गेली. कित्येकांनी कुंचला ठेवून घरांना रंग देण्याची मजुरी धरली; काहींनी त्याच यंत्रांवर नोकरी पत्करली. यात दोष कोणाचा, हे ठरविणे सोपे नाही. ज्याला उद्या सकाळी दुकान उघडावयाचे आहे आणि ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत, त्याला फ्लेक्स हाच आधार वाटतो. परंतु मोशीच्या उन्हात तो लवकर फिका पडतो, वाऱ्याने कडेला फाटतो, आणि फाटला की दुरुस्त होत नाही. त्याचे प्लॅस्टिक मातीत कुजतही नाही. पत्र्यावरील रंग फिका झाला, तर त्याच अक्षरांवरून पुन्हा हात फिरविता येतो.

"दोन्हींचा हिशेब करा," कारागीर म्हणतो. "मी सांगतो म्हणून नको. माझे पोट यावर आहे, तेव्हा मी माझ्याच बाजूचे बोलणार."

गिरणीवाला रात्री हिशेब करतो. फ्लेक्स दर वर्षी बदलावा लागला, तर किती वर्षांत पत्र्याच्या पाटीएवढा खर्च होईल, ते मुलगी वहीत मांडून देते. उत्तर तिसऱ्या वर्षावर येते. तरी एवढे पैसे एकदम द्यावयास त्याच्याजवळ नाहीत. अखेर निम्मे आता आणि निम्मे दिवाळीनंतर, असे ठरते. कारागीर जरा विचार करून मान डोलावितो. दिवाळीपूर्वी भाजणीचे दळण वाढते, हे त्यालाही माहीत असते.

काम तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी पत्रा घासून त्यावर अस्तराचा रंग, दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाचे दोन हात. तिसऱ्या दिवशी सकाळी कारागीर खडूच्या भुकटीत दोरा बुडवितो. त्याचे एक टोक मुलगी धरते, दुसरे तो स्वतः धरतो आणि मधोमध दोरा उचलून टपकन सोडतो. पत्र्यावर शिरोरेषेची सरळ पांढरी रेघ उमटते. मग टाचणीने भोके पाडलेला अक्षरांचा कागद पत्र्यावर ठेवून त्यावरून भुकटीची पुरचुंडी फिरविली, की खाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उतरतात. यानंतर हात थरथरू नये म्हणून तो मनगट एका काठीवर टेकवितो, श्वास आवरतो आणि कुंचला लावतो. 'प' ची उभी रेघ एका दमात खाली येते. मध्ये थांबले, तर जोड दिसतो. 'ठ' ला मात्र तो सर्वांत शेवटी हात घालतो. आधी अर्धे वर्तुळ डावीकडून, मग अर्धे उजवीकडून, मग ठिपका, आणि सर्वांत शेवटी तो आखूड खुंटा.

रंग वाळल्यावर पाटी दारावर चढते. बोल्ट आवळून झाल्यावर कारागीर शिडीवरून उतरण्यापूर्वी खिशातून सर्वांत बारीक कुंचला काढतो आणि उजव्या कोपऱ्यात, खालच्या काठाला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत काही लिहितो. रस्त्यावरून ते दिसत नाही. मुलगी शिडीच्या दोन पायऱ्या चढून पाहते, तेव्हा ते त्याचे नाव असते.